गर्भाशयमुखाचा कर्करोग व मेदाम्ले : एका आरोपाचा इतिहास

इ. स. १८४२ च्या सप्टेंबरात इटालियन शास्त्रज्ञांची चौथी परिषद पादुआ येथे भरली होती. तीत व्हेरोना येथील डॉक्टर दोमेनिको रिगोनी-स्टेर्न ह्यांनी एक निबंध वाचला. व्हेरोना शहराच्या १७६० पासून १८३९ पर्यंतच्या, म्हणजे ऐंशी वर्षांच्या, मृत्युनोंदी त्यांनी चाळल्या होत्या व कर्करोगाने मेलेल्या स्त्रियांची विवाहिता, विधवा, अविवाहिता व जोगिणी अशी विभागणी केली होती. गर्भाशयाच्या कर्करोगाने मेलेल्यांत विवाहिता व विधवा अधिक आणि मठातील जोगिणी फार थोड्या, उलट स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्यांत जोगिणी अधिक, असे त्यांस आढळले. स्तनाविषयीची गोष्ट अगदीच नवी नव्हती. तिचा उल्लेख पादुआ येथीलच रामाझ्झिनी ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी केलेला आहे. परंतु नोंदींच्या दप्तरातून एखाद्या रोगाचे कारण शोधण्याचा इतका व्यवस्थित प्रयत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

आता ह्या निबंधाची पुढे जी गत झाली ती बखरींच्या अभ्यासकांस ओळखीची वाटेल. ‘जोगिणींस गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही असे रिगोनी-स्टेर्न ह्याने दाखविले’ हे वाक्य एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेले. मूळ निबंध काढून पाहणारे थोडे. मूळात शब्द आहे तो गर्भाशयाचा. गर्भाशयमुख व गर्भाशयाचा वरचा भाग ह्यांच्या कर्करोगांत भेद करण्याचे साधन मृत्युनोंद लिहिणाऱ्या कारकुनापाशी नव्हते आणि रिगोनी-स्टेर्न ह्यांनीही तसा दावा केला नाही. १९९१ साली ही चूक छापून दाखविण्यात आली, तरी जुने वाक्य अद्याप चालूच आहे. त्या वाक्यातील अनुमान पुढे खरे ठरले. पण अनुमान खरे ठरल्याने त्याच्या नावावर चढविलेला दाखला अस्सल होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्याच रोगाच्या दप्तरातील दुसरे एक प्रकरण आहे. चरबी, म्हणजे रसायनशास्त्राच्या परिभाषेत मेदाम्ले अथवा वसाम्ले, ह्यांचे नाव ह्या रोगाच्या चौकशीत निदान तीन वेळा निघालेले आहे, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या नात्याने. एकदा बाहेरून आलेले विष म्हणून, एकदा रोगट पेशीने घरातच तयार केलेला माल म्हणून, व अलीकडे रोग शरीरभर पसरविण्यास साह्य करणारी सामग्री म्हणून. ह्या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्यामुळे ‘चरबीने कर्करोग होतो’ असे ढोबळ विधान सुशिक्षितांच्याही बोलण्यात येते. स्वारी कोणी केली आणि तिला रसद कोठून पोचली हे दोन प्रश्न इतिहासकार वेगळे ठेवतो. तेच येथे करावयाचे आहे.

मेदाम्लांची ओळख फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल ह्याने करून दिली. डुकराच्या चरबीचा साबण तपासता तपासता त्याने चरबी ही एकजिनसी वस्तू नसून ती अम्ले व ग्लिसरीन ह्यांच्या संयोगाने बनते असे सिद्ध केले, आणि १८२३ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. (हा पुरुष १०२ वर्षे जगला.) पुढील शंभर वर्षे मेदाम्ले म्हणजे साबण, मेणबत्त्या व जेवणातील स्निग्ध भाग एवढाच विचार बहुधा होत असे. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉर्ज व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्याने उंदरांच्या आहारातून चरबी अजिबात काढून टाकली तेव्हा ते उंदीर खंगू लागले, आणि काही मेदाम्ले जीवनास अवश्य आहेत हे कळून आले. कर्करोगाचा व त्यांचा संबंध जोडण्याची वेळ त्यानंतर आली.

पहिला आरोप आला तो समाजाच्या चालीरीतींच्या वाटेने. यहुदी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग फार विरळ असतो असे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांस विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसत होते. मुंबईतही असाच प्रकार होता. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले व तेथील प्रयोगशाळांचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांजकडे आले. रोगपरीक्षेचे शास्त्र आपल्या देशात ज्यांनी रुजविले त्यांत खानोलकरांचे स्थान पहिल्या पंक्तीत आहे. मुंबई हे अनेक धर्मांचे, पंथांचे व जातींचे शहर. प्रत्येकाचे खाणे, नेसणे, विड्या-तंबाखू व विवाहाचे वय निराळे. ह्या निराळेपणाचा उपयोग करून कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक ह्याची तुलना खानोलकरांनी चालविली, व रोगाचे मूळ रक्तात नव्हे तर आचारात शोधावे ही दृष्टी येथील संशोधकांस दिली. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मुंबईच्या आकड्यांत मुसलमान स्त्रियांचे प्रमाण हिंदू स्त्रियांहून कमी भरे. यहुदी व मुसलमान ह्या दोन्ही समाजांत समान काय, तर पुरुषांची सुंता.

त्यावरून तर्क असा निघाला की, सुंता न झालेल्या पुरुषाच्या अग्रत्वचेखाली जो स्निग्ध मळ साचतो तोच विषारी असावा. १९४७ साली प्लाउट व कोन-श्पायर ह्या दोघांनी घोड्याचा असा मळ उंदरांवर वापरून काही उंदरांस कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध केले. त्या मळात चरबीचे अंश पुष्कळ असतात. अशा रीतीने ह्या रोगाच्या आरोपपत्रात चरबीचे नाव प्रथम लागले. पुढे तो पुरावा टिकला नाही. पण मूळ निरीक्षण खोटे नव्हते. २००२ साली अनेक देशांतील दांपत्यांची एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली तीत असे दिसले की, सुंता झालेल्या पुरुषांच्या ठिकाणी एक विशिष्ट विषाणू कमी आढळतो, आणि अनेक स्त्रियांशी संबंध आलेल्या अशा पुरुषांच्या पत्नींस हा रोगही कमी होतो. म्हणजे संशयाची जागा बरोबर होती, धरलेला आरोपी मात्र चुकला. खानोलकरांची तुलना आजही वाचण्यासारखी वाटते ती ह्यामुळेच. त्यांनी आकडे जपून ठेवले, आणि आकडे तर्काहून अधिक काळ टिकले.

दुसऱ्या आरोपाची तयारी ह्यापूर्वीच अगदी वेगळ्या दिशेने चालू झाली होती. व्हिएन्ना येथील वॉल्टर शिलर ह्याने १९२८ च्या सुमारास गर्भाशयमुखावर आयोडिनाचे पाणी लावून पाहिले. निरोगी पेशींत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते, म्हणून त्या गर्द तपकिरी होतात. रोगट जागा मात्र फिकट राहते, कारण तेथील पेशींच्या कोठारात ती साठवण नसते. डोळ्यांस दिसणारी एवढी सोपी खूण. परंतु ह्या रोगात पेशीच्या खाण्यापिण्याचीच घडी बदलते ही गोष्ट तिने पुढे मांडली. त्याच दशकात बर्लिन येथे ओटो वॉरबुर्ग ह्याने दाखविले की, कर्करोगाच्या पेशी प्राणवायू भरपूर असतानाही साखर पुरती न जाळता तिचे लॅक्टिक अम्ल करून टाकतात. पेशीचे श्वसन बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ, असा त्याचा सिद्धांत होता व तो त्याने आग्रहाने, कित्येकदा दुराग्रहाने, शेवटपर्यंत धरला.

ह्या सिद्धांतास हात घालणाऱ्यांत सिडनी वाइनहाउस हा प्रमुख होता. १९५३ साली ग्रेस मेडेस, अ‍ॅलिस थॉमस व वाइनहाउस ह्यांनी किरणोत्सर्गी कार्बनाची खूण केलेली साखर व अ‍ॅसिटेट अर्बुदांच्या कापांस दिली आणि खुणेचा कार्बन मेदाम्लांत उतरलेला पाहिला. अर्बुद आपली चरबी आपण बनवू शकते हे त्यावरून ठरले. तीन वर्षांनी वाइनहाउसने वॉरबुर्गशी उघड वाद केला व कर्कपेशीचे श्वसन मुळीच मोडलेले नसते असे प्रतिपादिले. वॉरबुर्गचे निरीक्षण राहिले, त्याची उपपत्ती गेली. आज तो व्यवहार असा समजला जातो : वाढणाऱ्या पेशीस नुसते इंधन नको असते, नव्या पेशीच्या भिंती बांधण्यास सामानही लागते. ह्या भिंती मेदाम्लयुक्त द्रव्यांच्या असतात. साखरेतून निघालेले सायट्रेट पेशीच्या श्वसनकेंद्रातून बाहेर येते, त्याचे तुकडे होतात, आणि दोन दोन कार्बनांची जोड देत देत मेदाम्ल-संश्लेषक नावाचे विकर सोळा कार्बनांचे पामिटिक अम्ल सिद्ध करते. ह्या साखळीतील मॅलोनिल हा मधला दुवा सालिह वकील ह्या इराकी जन्माच्या रसायनज्ञाने १९५८ साली उजेडात आणला. प्रौढ शरीरातील बहुतेक पेशी हा खटाटोप करीत नाहीत. यकृत, मेदपेशी व दूध देणारे स्तन वगळले तर त्या रक्तातून येणाऱ्या तयार चरबीवर भागवितात. कर्कपेशी मात्र घरची भट्टी पेटविते.

ह्यानंतरची हकीकत एका स्त्रीवाचून सांगता येत नाही. १९५१ च्या आरंभी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची, पाच मुलांची आई असलेली कृष्णवर्णी स्त्री गर्भाशयमुखाच्या गाठीचे दुखणे घेऊन आली. व्हर्जिनियातील तंबाखू पिकविणाऱ्या कुटुंबात ती वाढली होती. कृष्णवर्णीयांचे कक्ष त्या काळी तेथे वेगळे असत. रेडियमचा उपचार करताना तिच्या गाठीचा एक तुकडा काढून घेण्यात आला. तिची अनुमती विचारली नाही, तशी ती विचारण्याची रीतही नव्हती. जॉर्ज गाय ह्याच्या प्रयोगशाळेत तो तुकडा काचेत ठेवला गेला आणि आजवर कोणत्याही मानवी पेशींनी जे केले नव्हते ते त्या पेशींनी केले : त्या वाढतच राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती स्त्री मरण पावली. तिच्या नावाची व आडनावाची पहिली दोन दोन अक्षरे घेऊन ‘हेला’ असे नाव पडलेल्या पेशी मात्र देशोदेशी गेल्या. पोलिओच्या लसीची परीक्षा त्यांवर झाली. बाहेर मात्र बराच काळ तिचे नाव ‘हेलन लेन’ असे सांगितले जाई. घरच्यांस वीस वर्षांहून अधिक काळ पत्ताच नव्हता. ज्या दस्तऐवजावर अर्ध्या शतकाचे जीवशास्त्र उभे राहिले त्या दस्तऐवजाच्या धन्याचेच नाव चुकीचे, असा हा प्रकार आहे.

मेदाम्लांच्या इतिहासात हेला पेशींचे स्थान पुष्कळांस ठाऊक नाही. पेशीने चरबी केव्हा बनवावी व केव्हा थांबवावे हे ठरविणारे एक प्रथिन आहे. त्यास संक्षेपाने एसआरईबीपी म्हणतात. १९९३ साली डॅलस येथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन ह्यांच्या प्रयोगशाळेने ते शुद्ध करून काढले, ते हेला पेशींच्या केंद्रकांच्या अर्कातून. पुढच्याच वर्षी, योगायोगाने जॉन्स हॉपकिन्स येथेच, फ्रान्सिस कुहाइडा व त्याच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात वाईट परिणाम सुचविणारे एक अनोळखी प्रथिन ओळखले. ते दुसरे तिसरे काही नसून तेच मेदाम्ल-संश्लेषक विकर होते. भट्टी बंद पाडावी म्हणजे रोग थांबेल ही आशा तेव्हापासून सुरू झाली. पहिल्या औषधांपैकी एकाने २००० साली गंमतच केली : ते दिलेल्या उंदरांची अन्नावरील वासनाच उडाली व ते झपाट्याने रोडावले. त्यानंतरची औषधे अधिक नेमकी आहेत, तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रूढ उपचारांत अद्याप त्यांपैकी एकासही जागा मिळालेली नाही.

एवढ्याने चरबीवरील आरोप शाबीत झाला काय ? ह्याचा निर्णयही हेला पेशींनीच दिला. १९६० नंतरची काही वर्षे ह्या रोगाचे खापर नागिणीच्या जातीच्या एका विषाणूवर फोडले जात होते. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांस ते पटेना. मस उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंच्या कुळात कारण सापडेल असे ते सांगत, आणि सभांतून त्यांचे फारसे कोणी ऐकत नसे. १९८३ साली त्यांच्या सहकाऱ्यांस गर्भाशयमुखाच्या अर्बुदांत ह्या कुळातील १६ क्रमांकाचा विषाणू सापडला, १९८४ साली १८ क्रमांकाचा. आणि हा दुसरा हेला पेशींतही होता. म्हणजे हेन्रिएटा लॅक्स हिच्या दुखण्याचे कारण तेहतीस वर्षे जगातील प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होते व ते कोणी वाचले नव्हते. १९९९ साली अनेक देशांतील नमुने पुन्हा तपासले तेव्हा ह्या कर्करोगाच्या ९९.७ टक्के गाठींत हा विषाणू मिळाला. त्सुर हाउझेन ह्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ साली ते वारले.

विषाणूची ई-६ व ई-७ नावाची दोन जनुके पेशीच्या दोन पहारेकऱ्यांस निकामी करतात. त्यामुळे पेशी अनिर्बंध दुभंगू लागते. आता निर्णायक प्रयोग २००० सालचा आहे. हेला पेशींतील ही दोन जनुके बंद पाडण्यात आली. जवळजवळ पन्नास वर्षे काचेत वाढलेल्या, भरपूर अन्न समोर असलेल्या त्या पेशींनी दुभंगणे थांबविले व त्या म्हाताऱ्या झाल्या. झोपी गेलेले पहारेकरी अद्याप जिवंत होते. रसद तशीच होती. स्वारीचा सरदार काढून घेतला आणि फौज जागच्या जागी थबकली. आमच्या मते कारण कोणते व साधन कोणते ह्या वादाचा निकाल ह्या एका प्रयोगात पुरेसा लागतो.

तथापि साधन म्हणून चरबीचे महत्त्व कमी नाही, आणि तिसरा आरोप तेथे येतो. हा कर्करोग प्रथम ओटीपोटातील लसिकाग्रंथींत पसरतो, व तो तेथे पोचला की रोगिणीची आशा बरीच घटते. २०२० साली चिनी संशोधकांनी असे दाखविले की, मेदाम्ले पेशीत वाहून नेणारे एक प्रथिन ज्या गाठींत जास्त असते त्या लसिकाग्रंथींकडे अधिक जातात. २०२२ साली तसेच मेदाम्ल-संश्लेषकाविषयीही प्रसिद्ध झाले. ऑलिव्हच्या तेलात मुबलक असणारे ओलेइक अम्ल उंदरांस चारले असता रोपलेली गाठ वाढते, असे २०१८ सालचे एक संशोधन सांगते. ह्यावरून कोणी तेल सोडण्याचा उपदेश करील, म्हणून लगेच २०१४ सालचा कोरियातील प्रयोग सांगणे भाग आहे : माशांच्या तेलातील डीएचए हे मेदाम्ल पेशींस दिले असता त्या वर सांगितलेली ई-६ व ई-७ ही विषाणूची प्रथिनेच मोडून टाकतात. एकाच कुळातील एक अम्ल पोसते, दुसरे मारते. आणि हे सर्व काचेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर. जेवणातील तेलातुपामुळे स्त्रीस हा रोग जडतो असे ह्यातील एकही कागद म्हणत नाही. शिष्यांनी गुरूच्या तोंडी नसलेले शब्द घालावेत तसे ते पुढच्यांनी म्हटले आहे.

कारण व साधन ह्यांतील हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या वर्षी भारतात ह्या रोगाच्या सुमारे १,२७,००० नव्या रोगिणी झाल्या व ७९,००० हून अधिक स्त्रिया मेल्या. कोठे उपाय करावा हे कारण कोणते मानले ह्यावर अवलंबून असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या, ह्याच विषाणूवरील लसीस २०२२ साली सरकारी मान्यता मिळाली. परंतु त्याच्याही आधी एक मोठी परीक्षा मराठवाड्यात झालेली आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची विषाणूसाठी चाचणी, एकाची पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाने पाहणी, एकाची सौम्य अ‍ॅसेटिक अम्ल लावून डोळ्यांनी तपासणी; चौथ्यास कोणतीच तपासणी नाही. तपासणी झाली ती आयुष्यात एकदाच.

निकाल २००९ साली छापला गेला. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ ह्या रोगाने मेल्या. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ पैकी ३४ मेल्या. मधल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. रिगोनी-स्टेर्न ह्यांनी ऐंशी वर्षांच्या नोंदींतून जे चाचपडत शोधले ते तेरखेड्या-परांड्याच्या मुलखात आठ वर्षांत आकड्यांनी उभे राहिले.

ह्या परीक्षेवर एक आक्षेप घेतला गेला, तो येथे नोंदविला पाहिजे. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक असता हजारो स्त्रियांस तपासणीवाचून ठेवावे काय, असा तो आक्षेप आहे. चालकांच्या बाजूचे उत्तर असे की, त्या जिल्ह्यात तेव्हा कोणाही स्त्रीची अशी तपासणी होतच नव्हती. चौथ्या गटास जे मिळाले तेच सर्वांस मिळत होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे छापील आहे व दोन्ही वस्तुस्थितीस धरून आहे. त्या चौसष्ट स्त्रियांची नावे प्रसिद्ध कागदांत नाहीत.